कथा तिसऱ्या पानावर अडकते: दोष शोधण्याचा आणि दुरुस्तीचा क्रम

सिंधुदुर्गातील एका लहान वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथेच, टेबले भिंतीकडे सरकवून, नव्याने कथा लिहू लागलेल्या मंडळींची बैठक भरते. येणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, घरात पर्यटकांची सोय करणाऱ्या गृहिणी आहेत आणि बारावीची मुलेही आहेत. वये वेगळी, विषय वेगळे. पण बहुतेकांच्या कथेत होणारा बिघाड एकच असतो. कथा जोमाने सुरू होते, दोन-अडीच पाने भराभर लिहून होतात आणि तिसऱ्या पानावर ती जी थांबते ती पुन्हा उठत नाही. हाच एक बिघाड मी इतरांच्या आणि स्वतःच्या कथांमध्ये इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. तो क्रम इथे लिहून ठेवते.

लक्षणे

पुढील लक्षणांपैकी तीन-चार एकत्र दिसत असतील, तर आपण ज्या बिघाडाविषयी बोलत आहोत तो हाच. पहिली दोन पाने सात-आठ वेळा घासूनपुसून लिहिली गेली आहेत आणि चौथे पान अजून कोरे आहे. कथा पुढे सरकेनाशी झाली की पावसाचे, खाडीचे किंवा माडांचे वर्णन आपोआप वाढत जाते. पात्रे वरचेवर चहा पितात, पडवीत बसून राहतात आणि जुने दिवस आठवतात. काहीतरी घडले पाहिजे म्हणून अचानक फोन वाजतो किंवा कोणाला तरी अपघात होतो. कोणी विचारले तर पुढचा भाग तुम्ही तोंडी रंगवून सांगता, पण कागदावर तो उतरत नाही. आणि सर्वांत खात्रीचे लक्षण असे की कथेतल्या म्हाताऱ्या माणसाला मारून मोकळे व्हावे, हा विचार वारंवार मनात येऊ लागतो.

मुळात लिहायलाच बसणे होत नसेल, तर ते दुखणे निराळे आहे आणि त्यावर या लेखात उपाय नाही.

तपासणीला लागण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कौलारू घरात राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की पाणी ज्या जागी ठिबकते, त्याच्या नेमके वरचे कौल बहुधा शाबूत असते. पाणी वर कुठेतरी आत शिरते, वाशावरून घरंगळत येते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. कथेचेही असेच असते. ती तिसऱ्या पानावर थांबलेली दिसते, पण दोष बहुतेक वेळा पहिल्या पानावर, कधीकधी तर पहिले वाक्य लिहिण्याआधी घेतलेल्या निर्णयात असतो. म्हणून तिसऱ्या पानाशी झटत बसण्यात अर्थ नाही. आहे त्या मजकुराची एक प्रत बाजूला ठेवावी, ती अजिबात खोडू नये, आणि दुसऱ्या प्रतीवर पुढील तपासण्या दिलेल्या क्रमाने कराव्यात. सुरुवातीच्या तपासण्यांना पंधरा मिनिटे पुरतात, शेवटच्यांना आठवडे लागतात. बऱ्याच कथा चौथ्या-पाचव्या तपासणीपर्यंतच मार्गी लागतात.

पहिली तपासणी: मोठ्याने वाचून पाहणे

आजवर लिहिलेले सगळे एका बैठकीत, मोठ्याने, घरात दुसरे कोणी नसताना वाचावे. हातात पेन्सिल असावी. जिथे आवाज आपोआप खाली जातो, जिथे आपण घाईने वाचू लागतो किंवा जिथे नकळत शब्द बदलून वाचतो, तिथे समासात फक्त एक रेघ मारावी आणि पुढे जावे. दुरुस्ती करायला थांबू नये. डोळा आपल्या अक्षराला सरावलेला असतो, त्यामुळे मनात काय होते आणि कागदावर काय उतरले यांतला फरक त्याला दिसत नाही. कानाला तो कळतो. वाचून झाल्यावर रेघा कुठे दाटल्या आहेत ते पाहावे. त्या पहिल्या पानावर दाटलेल्या असतील तर तिसऱ्या तपासणीकडे विशेष लक्ष द्यावे, संवादांपाशी असतील तर पाचवीकडे. एकही रेघ पडली नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवायला सांगावे आणि आपण ऐकावे.

दुसरी तपासणी: कोणाला काय हवे आहे

यापुढे सोयीसाठी आमच्या बैठकीत आलेली एक कथा नमुना म्हणून घेते. लेखिकेने परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुंबईला राहणारा बारा वर्षांचा मुलगा गणपतीसाठी गावी आला आहे आणि तोच गोष्ट सांगतो आहे. थोरले काका गावी राहून हापूसची कलमे सांभाळतात. दुसऱ्या तालुक्यात दिलेली आत्या सणाला माहेरी आली आहे. काकांना बागेवर कर्ज काढायचे आहे, सातबारावर आत्याचेही नाव आहे, म्हणून तिने हक्कसोडपत्र करून द्यावे अशी त्यांची इच्छा आहे. पहिल्या खर्ड्यात दीड पान एसटीचा प्रवास होता, अर्धे पान घराचे वर्णन होते, मग काकांनी माटवीखाली, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या सजवलेल्या चौकटीखाली, बसलेल्या आत्यापुढे कागद ठेवला आणि तिथे कथा थांबली. सहा महिने ती तिथेच होती.

एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहायचे: अमुक माणसाला अमुक गोष्ट हवी आहे, पण अमुक आडवे येते आहे. वाक्यात ‘नातेसंबंध’, ‘संघर्ष’, ‘घुसमट’, ‘परंपरा’ असे शब्द आले तर ते वाक्य बाद समजावे, कारण ते शब्द समीक्षकाच्या कामाचे आहेत. हवी असलेली गोष्ट हाताने दाखवता येईल किंवा दिवस-वेळ सांगता येईल इतकी ठोस असली पाहिजे: सही, किल्ली, शनिवारपूर्वी पैसे, एकदा तरी आईच्या खोलीत झोपायला मिळणे.

नमुन्यातल्या लेखिकेने काकांचे वाक्य लगेच लिहिले. आत्याचे वाक्य मात्र तिला लिहिता येईना. ‘आत्याला न्याय हवा आहे’ असे तिने लिहिले. ते आम्ही बाद केले. बराच वेळ विचार करून ती म्हणाली की आत्याला जमिनीचे काही नाही, पण भावाने कागद पुढे करण्याआधी एकदा तिला विचारायला हवे होते. हे ठोस आहे. आत्याला विचारले जाणे हवे आहे आणि काकांना न विचारता सही हवी आहे. कथा तिथे का थांबली होती ते त्या क्षणी उघड झाले, कारण पहिल्या खर्ड्यात आत्याला काहीच नको होते आणि ज्याला काही नको असते ते पात्र कागद पुढे आल्यावर नुसते पाहत राहते.

ही तपासणी आजकालच्या कार्यशाळांनी शोधलेली आहे असे कोणी समजू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याच्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (फळ मिळेल अशी आशा), नियताप्ती (ते मिळण्याची निश्चिती) आणि फलागम (फळ हाती येणे). तिथे प्रारंभ म्हणजे पडदा उघडणे किंवा प्रसंगाचे वर्णन करणे नव्हे. फळाविषयी निर्माण झालेली उत्सुकता, म्हणजे काहीतरी हवेसे वाटणे, हाच प्रारंभ मानला आहे. त्यानंतरची अवस्था प्रयत्न. आपल्या अडकलेल्या कथा जवळजवळ नेहमी या दोहोंच्या मधल्या जागेत अडकलेल्या असतात: पात्राला काहीतरी हवे आहे असे लेखक सांगतो, पण ते मिळवण्यासाठी पात्र हात हलवत नाही. नवी घटना आणून ही फट बुजत नाही. अपघात घडवला तर पात्रावर आणखी एक गोष्ट कोसळते एवढेच; त्याने काही केले असे होत नाही. म्हणून वाक्य लिहून झाल्यावर त्याखाली लगेच दुसरे लिहावे: ते मिळवण्यासाठी हा माणूस आज, या कथेच्या वेळेत, पहिली कोणती कृती करतो? ती कृती चुकीची असली तरी चालेल. उलट चुकीची असली तर पुढचे पान अधिक सहज सुचते.

तिसरी तपासणी: पहिली पाने झाकून वाचणे

पहिल्या दोन पानांवर वर्तमानपत्र ठेवावे आणि कथा तिसऱ्या पानापासून वाचावी. आधीचे ठाऊक नसलेल्या माणसाला काय कळणार नाही ते मोजावे. बहुधा दोन-तीन गोष्टीच निघतात, आणि त्या एकेका वाक्यात पुढे कुठेही घालता येतात.

कोकणात लिहिल्या जाणाऱ्या कथांत या तपासणीला विशेष महत्त्व आहे, कारण आपल्याकडची निम्मी कथा घाट उतरण्यात खर्च होते. चाकरमानी निघतो, महामार्गावर खोळंबतो, पहाटे डोळे उघडतो, चिऱ्याची कुंपणे दिसू लागतात, लाल माती दिसते आणि त्याला बालपण आठवते. हा प्रवास लेखकाला आवश्यक असतो, कारण त्या वाटेने तो स्वतः कथेत शिरत असतो; वाचकाला मात्र त्याच्याबरोबर त्याच गाडीने यावे लागण्याचे कारण नाही. काढलेली पाने फेकू नयेत. वेगळ्या वहीत ठेवावीत, त्यातला एखादा तपशील पुढे नेमका उपयोगी पडतो. नमुन्यातल्या कथेत दीड पानाच्या प्रवासातून एकच वाक्य उरले: मुलाला गाडी लागते, म्हणून त्याला नेहमी पुढे बसवतात. त्या वाक्याचे पुढे काय झाले ते सहाव्या तपासणीत येईल.

चौथी तपासणी: पंचांग, कॅलेंडर आणि कागदपत्रे

हिला एक संध्याकाळ द्यावी लागते. कथेतल्या प्रत्येक प्रसंगाच्या पुढे महिना, वार, वेळ आणि जमल्यास साल लिहावे, आणि मग तपशील त्या काळाला जुळतात का ते पाहावे. आमच्या बैठकीत गणपतीच्या जेवणात ताजा हापूस वाढलेला मी पाहिला आहे. हापूसचा हंगाम साधारण मार्च ते मे, आणि गणपती येतात भाद्रपदात. जुलैच्या मध्यावर नायक ट्रॉलरवरून मासळी घेऊन परततो, तेव्हा लेखक विसरलेला असतो की सध्या आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. १९८५ सालच्या कथेत सावंतवाडीला रेल्वेने येणारी नवरी मी दोनदा अडवली आहे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली ती १९९८ मध्ये.

चुकीचा तपशील वाचकाला खटकतो, हे तर झालेच. पण ही तपासणी केवळ त्यासाठी नाही. खोट्या तपशिलातून पुढचा प्रसंग निघत नाही, खऱ्या तपशिलातून तो पुष्कळदा आपोआप निघतो. बंदीच्या दोन महिन्यांत खलाशाचा हात रिकामा असतो, उधारी वाढते, जाळी दुरुस्त करायला माणसे एकत्र बसतात आणि बोलतात: जुलैतल्या ट्रॉलरच्या खोट्या फेरीपेक्षा इथे कथेला कितीतरी अधिक जागा आहे.

नमुन्यातल्या कथेची गाठ याच तपासणीत सुटली. पहिल्या खर्ड्यात आत्या माटवीखाली कागदावर सही करते आणि प्रश्न मिटतो असे होते. प्रत्यक्षात स्थावर मिळकतीवरचा हक्क असा घरात बसून सोडता येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार अशा दस्ताची नोंदणी करावी लागते; आत्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन सही, अंगठा आणि छायाचित्र द्यावे लागेल. शिवाय गणेशचतुर्थीला कार्यालय बंद. म्हणजे काकांना सुट्टी संपून कार्यालय उघडेपर्यंत आत्याला माहेरी थांबवून घेतले पाहिजे, तिची मर्जी राखली पाहिजे, आणि मग सकाळी तिला रिक्षात बसवून तालुक्याला नेले पाहिजे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे काकांना ठाऊक आहे आणि आत्यालाही ठाऊक आहे. दोघांनी ते एकमेकांना बोलून दाखवलेले नाही. सहा महिने कोरे राहिलेले चौथे पान दोन दिवसांत भरले. लेखिकेला प्रतिभेची कमतरता कधीच नव्हती. तिला नोंदणी कार्यालयाच्या कामकाजाची माहिती नव्हती.

पाचवी तपासणी: संवाद

प्रत्येक संवादातली बोलणाऱ्यांची नावे झाकावीत. कोण बोलते आहे ते ओळखता येत नसेल, तर सगळी पात्रे लेखकाच्याच तोंडाने बोलत आहेत. दुसरी खूण अशी की पात्रे एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत आहेत. ‘ताई, तुला तर माहीतच आहे की बाबांच्या पश्चात ही बाग आपल्या तिघांच्या नावावर झाली,’ असे वाक्य कोणताही भाऊ बहिणीला म्हणत नाही. ते तो वाचकाला म्हणतो आहे. हाच प्रसंग दुरुस्त खर्ड्यात असा झाला:

“जेवन झाल्यार बसूया गो जरा. कागद वाचून दाखवतंय तुका.”

“मी खंय नाय म्हणतंय? पयले गणपती जावंदेत.”

आत्याने नकार दिलेला नाही, होकारही दिलेला नाही, आणि काकांना थांबावे लागले आहे. बागेचा उल्लेखही न करता बागेची चर्चा झाली.

बोलीविषयी माझे मत स्पष्ट आहे. कथन प्रमाण मराठीत आणि बोलणे पात्राच्या बोलीत, ही सोय नवशिक्याला पुरेशी आहे. पण बोली आपल्या कानात असलेलीच वापरावी. मालवणी आणि संगमेश्वरी या वेगळ्या आहेत, आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिकांतून उचललेली मालवणी आमच्याकडच्या वाचकाला पहिल्याच शब्दात ओळखू येते. कानात बोली नसेल तर साधी मराठी लिहावी आणि वाक्ये तोडावीत. तेवढ्याने काम भागते.

सहावी तपासणी: गोष्ट कोण सांगतो आहे

इथपर्यंतच्या सगळ्या तपासण्या करूनही कथा हलत नसेल, तर आता खर्चिक काम सुरू होते. कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग कोणता ते ठरवावे, आणि त्या प्रसंगी गोष्ट सांगणारा माणूस तिथे हजर आहे का ते पाहावे. हजर नसेल तर त्याला ती हकिगत दुसऱ्या कोणाकडून कळावी लागते, आणि ऐकीव प्रसंगाला धार राहत नाही. दारामागून ऐकणे, योगायोगाने चिठ्ठी सापडणे, शेजारणीने येऊन सांगणे या तिन्ही पळवाटा नवशिक्यांच्या कथांत सारख्या दिसतात, आणि तिन्हींचे मूळ या एकाच दोषात असते.

नमुन्यातल्या कथेत ही अडचण चौथ्या तपासणीनंतरच उभी राहिली. महत्त्वाचा प्रसंग रिक्षात घडणार होता आणि गोष्ट सांगणारा मुलगा घरी आरतीची तयारी करत होता. तीन मार्ग होते. गोष्ट आत्याच्या बाजूने सांगायची: मग तिच्या मनातले सगळे कळते, पण ते कळण्यामुळेच तिचे गप्प राहणे फुकट जाते. सर्व जाणणाऱ्या निवेदकाने सांगायची: हा मार्ग सोपा वाटतो आणि नवशिक्याला सर्वांत अवघड जातो, कारण कोणाचे मन कधी उघडायचे आणि कधी झाकायचे याला धरबंध राहत नाही. तिसरा मार्ग मुलालाच रिक्षात बसवण्याचा. मी लेखिकेला सांगितले की तिन्ही प्रकारांनी फक्त एकेक पान लिहून आण. हा सल्ला मी प्रत्येकाला देते, कारण दृष्टिकोनाविषयी वाद घालून काही ठरत नाही. पान लिहिले की दहा ओळींत कळते.

तिने तिसरा मार्ग घेतला. मुलाला गाडी लागते, म्हणून तो चालकाशेजारी पुढे बसतो. मागे काका आणि आत्या. रिक्षाच्या आवाजात त्याला निम्मेच ऐकू येते, आणि समोरच्या छोट्या आरशात आत्याचा चेहरा दिसतो, काकांचा दिसत नाही. तिसऱ्या तपासणीत दीड पानातून वाचलेले ते एक वाक्य इथे कामाला आले. बारा वर्षांच्या मुलाला सगळे समजत नाही, हीच या मांडणीची ताकद ठरली. वाचक त्याच्यापेक्षा दोन पावले पुढे राहतो.

एक सूचना. ‘मी’ हा निवेदक निवडला की त्याला जे दिसत नाही ते लिहायचे नाही, हा करार शेवटपर्यंत पाळावा लागतो. मध्येच ‘काकांना मनातून वाईट वाटले’ असे आले की करार मोडला. काकांनी चश्मा काढून पुसला, एवढेच मुलाला दिसू शकते.

सातवी तपासणी: शेवटचे पान आधी

कथा पूर्ण झालेली नसतानाही शेवटचे पान लिहून टाकावे. ते अखेरीस राहिलेच पाहिजे असे नाही. पहिल्या पानावरचा माणूस आणि शेवटच्या पानावरचा माणूस यांत काय बदलले ते एका ओळीत सांगता आले तर मधला रस्ता सापडतो. काहीच बदललेले नसेल तर मध्ये काही घडलेले नाही, एवढे तरी कळते. बदल मोठा असायला हवा असे मुळीच नाही. इथेच म्हाताऱ्या पात्रांचे खून सर्वाधिक होतात. मृत्यूने कथा संपत नाही, ती फक्त थांबते.

आठवी तपासणी: ही कथा आहे का

ही सर्वांत अवघड, कारण तिचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते. मजकूर किमान तीन-चार आठवडे बंद करून ठेवावा आणि मग अनोळखी माणसासारखा वाचावा. आपल्याला खरोखर घर, आजीचे हात, मांगरातला वास आणि पहिला पाऊस यांविषयीच लिहायचे असेल, तर तो ललित लेख आहे. त्यात कोणालाही काही हवे असण्याची गरज नाही, आणि त्याला बळजबरीने कथानक जोडले तर चांगला लेखही जातो आणि कथाही होत नाही. आमच्या बैठकीतले दोघे जण असे वर्षभर कथेशी झगडत होते. लेख म्हणून लिहिल्यावर दोघांचेही काम महिन्याभरात झाले. उलट, प्रत्येक पात्राची तीस वर्षांची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर हाती कादंबरीचे बी असण्याची शक्यता आहे. नवशिक्याने तेव्हा त्या तीस वर्षांतला एकच दिवस निवडावा आणि आधी तो लिहावा.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

आठही तपासण्या करून कथेचे दोन पूर्ण खर्डे झाले असतील आणि तरीही ती तुम्हाला खटकत असेल, तर स्वतःच तिसरा, चौथा, पाचवा खर्डा करत बसू नये. यापुढे डोळे बोथट होतात आणि चांगली वाक्येही खोडली जातात. अशा वेळी अनुभवी संपादकाला कथा दाखवावी. संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी कामे आहेत. पहिला कथेच्या बांधणीविषयी बोलतो. दुसरा ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि छपाईच्या चुका पाहतो, आणि त्याच्याकडे सर्वांत शेवटी जायचे असते. अडकलेली कथा आधी मुद्रितशोधकाकडे नेणे म्हणजे भिंत पाडायची असताना तिला रंग देणे. संपादकाचे मानधन आणि कामाची व्याप्ती आधी लेखी ठरवावी. कथा छापून देतो, त्यासाठी अमुक रक्कम भरा, असे कोणी म्हणत असेल तर तो सल्ला नव्हे, तो छपाईचा व्यवहार आहे. करायचा असेल तर तसा समजूनच करावा.

काही प्रसंगी मात्र संपादकाच्याही आधी दुसरीकडे जावे लागते. कथेतले भांडण खरोखर तुमच्या घरातले किंवा वाडीतले असेल, माणसे गावात ओळखू येत असतील, प्रकरण न्यायालयात असेल, तर प्रसिद्धीपूर्वी वकिलाला मजकूर दाखवावा. नावे बदलली की झाले, हा समज चुकीचा आहे; माणूस ओळखू येत असेल तर नाव बदलल्याने फारसे संरक्षण मिळत नाही. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि मृत व्यक्तीविषयीच्या मजकुरालाही, तो तिच्या नातलगांच्या भावना दुखावण्यासाठी असल्यास, तो लागू होऊ शकतो. कथेत एखादे गाणे किंवा कविता पूर्ण उतरवली असेल तर तिचे हक्कही पाहावेत. भारतात साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

आणि कथा अडकण्याचे कारण कथेत नसेल, म्हणजे घरातल्या मृत्यूविषयी, समुद्रात गेलेल्या माणसाविषयी किंवा स्वतःवर झालेल्या अत्याचाराविषयी लिहिताना झोप उडत असेल, हात थरथरत असतील, दिवसचे दिवस त्याच प्रसंगात अडकून पडायला होत असेल, तर वरची एकही तपासणी करू नये. वही बंद करावी आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. कथा नंतरही लिहिता येते.

संपादकाकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात: कथेची स्वच्छ प्रत, दुसऱ्या तपासणीतले ते एक वाक्य, आणि कोणत्या तपासण्या केल्या व त्यांत काय आढळले याची अर्ध्या पानाची नोंद. ती नोंद असली की संपादकाचा वेळ तुम्ही आधीच शोधलेल्या दोषांवर जात नाही. नमुन्यातल्या लेखिकेने तिच्या नोंदीत शेवटी एकच प्रश्न लिहिला होता: रिक्षातून उतरल्यावर आत्या कार्यालयाच्या पायऱ्या चढते की रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाते, हे वाचकाला दाखवावे का? संपादकांनी त्या प्रश्नाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि कथा त्याच्या आधीच्या वाक्यावर संपवायला सांगितली.